माळेवाडीच्या वाटेवरची काच

आधीच सांगते, मी काही लिहिणारी बाई नाय. मी एसटीत कंडक्टर आहे. नाव हर्षाली, माहेर अवसरी बुद्रुकचं, ड्युटी जुन्नरच्या स्टँडवरनं डोंगराकडं जाणाऱ्या गाड्यांवर. दिवसभर ‘पुढं सरका’, ‘दार सोडा’, ‘आजी, बोचकं मांडीवर घ्या’ असं ओरडून घसा बसलेला आणि राग कायम नाकावर. आई म्हणायची, हिला एसटीनंच सांभाळावं, दुसरं कोण सांभाळणार!

तर गेल्या वर्षापासनं दर रविवारी माझ्या गाडीत पाठीवर पिशव्या अडकवलेल्या बाया चढतात. कोणी मंचरची शाळेतली बाई, कोणी पुण्याची नर्स, कोणी नारायणगावची कॉलेजातली पोरगी. एसटीनं येतात, डोंगर चढतात, पलीकडं डिंभ्याच्या धरणाकडं उतरतात आणि घोडेगावच्या एसटीनं घरी जातात. चढल्या चढल्या पहिला प्रश्न: ‘ताई, त्या काचेच्या वाटेला कुठं उतरायचं?’ मी म्हणते, बसा, सांगते. पण चालत्या गाडीत तिकिटं काढता काढता ती गोष्ट कधी पुरी होत नाय. कोणीतरी मधेच उलटी करतं, कोणाची कोंबडी सुटते. म्हणून आज एकदाच नीट सांगते.

ती वाट बिबिजानचाचीची.

बिबिजानचाची म्हणजे जुन्नरच्या मणेराच्या घरची सून. मणेर म्हणजे बांगड्या भरणारे. तिचा नवरा वली बांगड्यांची लाकडी पेटी खांद्यावर टाकून डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरायचा. तो ऐन उमेदीत गेला. मुलगा नौशाद तेव्हा रांगत होता. चाळिसाव्या दिवसाचं कार्य झाल्यावर सासूनं ती पेटी उचलून हिच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, “रडायचं तेवडं रडलीस, आता ऊठ.” ही उठली. मी ओळखते तेव्हापासनं चाची तशीच: उंच, काटकुळी, अंगावर नायलॉनचं फिक्कं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडाचा पट्टा सकाळपासनं सुरू.

गाडीत ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची. पेटी मांडीवर. कोणी पेटीला नुसता गुडघा लावला तरी खैर नाय. “ओ पावणं, त्यो गुडघा घरी ठिवून यायचा व्हता!” पण पेटी उघडली की हीच बाई लोण्यागत मऊ. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर, चालत्या गाडीत, ती बायांच्या हातात बांगड्या भरायची. समोरची बाई बोलत राहायची, आणि तिचं बोलणं संपायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असायची.

मी नवीन होते तेव्हा एका दारुड्यानं भर गाडीत माझ्याशी हुज्जत घातली. त्याला मी उतरवलं, पण नंतर माझे हात थरथरायला लागले. चाचीनं माझा हात ओढून घेतला आणि हिरव्या बांगड्या भरायला लागली. मी म्हटलं, “चाची, ड्युटीवर चालत नाय बहुतेक.” तर म्हणते, “चालतं का न्हाई ते मागनं बघू. थरथर थांबली का ते सांग.” थांबली होती. तेव्हापासनं चाची माझी आणि मी चाचीची.

आता वाटेचं सांगते. आमची गाडी जाते पिंपळखोऱ्यापर्यंत, तिथं रस्ता संपतो. पण त्याच्या थोडं अलीकडं एक मोरी आहे, रस्त्याखालनं ओढा जातो ती. तिथनं एक पायवाट वर डोंगरावर जाते, खिंडीतनं पलीकडं उतरते आणि माळेवाडीत पोचते. माळेवाडीला रस्ता नाय. कागदावर आहे, आणि कागदावर तो लई छान आहे म्हणतात. वाडीवरनं डिंभ्याच्या बाजूलाही एक वाट उतरते. ती जवळची, पण कातळातली, हातपाय टेकून चढायची. आमच्या बाजूची लांबची, पण बैल हाकत नेता येईल अशी. पेटीवाल्या बाईला हीच सोयीची.

पूर्वी पिंपळखोऱ्यात संध्याकाळी मुक्कामाची गाडी यायची. रात्री तिथंच थांबायची आणि पहाटे जुन्नरला निघायची. वाडीतल्या बाया त्या गाडीसाठी हीच वाट उतरायच्या, बाजार करायच्या, परत चढायच्या. चाची दर महिन्याला वर जायची. मुक्काम ठकूबाईच्या घरी. ठकूबाई म्हणजे माळेवाडीतली तिची जीवाची मैत्रीण. दोघी भेटल्या की आधी भांडायच्या. तू वाळलीस, तू सुटलीस, मागच्या खेपेला लोणचं खारट दिलंस. भांडण झालं की मग जेवायच्या.

आणि एक रीत होती चाचीची, ती लक्षात ठेवा. बांगडी भरताना एखादी हातात वाढायची. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती काच चाची कोणाच्या दारात पडू द्यायची नाय. “पोरं अनवानी फिरत्यात. काच माजी, मीच नेनार.” सगळे तुकडे वेचून कमरेच्या पिशवीत घालायची. सासूनं शिकवलं होतं, काच उंच दगडावर ठेवायची, जिथं पाय पडत नाय तिथं. मग वाटेत जिथं जिथं ती पेटी टेकवून दम खायची, तिथल्या मोठ्या दगडावर, वरच्या खळग्यात ते तुकडे ठेवून पुढं निघायची. हिरवे, लाल, कधी सोनेरी टिकल्यांचे. कित्येक वर्षं हेच चाललेलं. त्यात कोणाला काही विशेष वाटायचं कारण नव्हतं.

ठकूबाईच्या मुलाला मुलगी झाली, संस्कृती, त्या दिवशी चाची वाडीतच होती. बारशाला तिनंच बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या आणि सगळ्या बायांसमोर बोलली, “मनगट्या मी घातल्या, आता लग्नाचा चुडाबी मीच भरनार. दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई.” ठकूबाई म्हणाली, “दिलास ना शबूद? मंग तवर मरायचं नाय.” “तू मरू नको म्हंजे झालं,” चाची म्हणाली.

मग काळ बदलला. प्रवासी कमी झाले, मुक्कामाची गाडी बंद झाली. सकाळी एक गाडी जाऊन परत, दुपारी एक जाऊन परत, एवढंच उरलं. वाडीतल्या बाया नाइलाजानं कातळाच्या वाटेनं डिंभ्याकडं उतरायला लागल्या. आमच्या बाजूची वाट मोडली. माणसाचा पाय पडला नाय की वाट किती पटकन मोडते, बघून जीव हळहळतो राव. दोन पावसाळ्यांत गवत, घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या. त्यातच चाचीचा उजवा गुडघा गेला. नौशादभाईनं जुन्नरच्या पेठेत बांगड्यांचं दुकान टाकलं आणि आईला गल्ल्यावर बसवलं. “अम्मी, आता डोंगर बस्स.”

तुळशीचं लग्न लागलं आणि वाडीवरनं फोन आला. संस्कृतीचं लग्न ठरलं होतं. सासर जुन्नरच्या जवळचं, माझ्याच गाडीच्या रस्त्यावरचं गाव. ठकूबाई फोनवर ओरडली, “मणेरणी, शबूद!”

नौशादभाई वाईट माणूस नाय हो. आईच्या गुडघ्याला रोज रात्री तेल चोळतो. त्यानं चांगल्यातला चुडा काढला, खोक्यात नीट बांधला आणि म्हणाला, “वाडीच्या माणसाकडं धाडतो.” चाचीनं खोकं परत सोडलं. “बांगड्या काय खोकल्याचं औषद हाय का, बाटली धाडली, पिऊन टाका? हात हातात घ्यावा लागतो.” वाडीवाल्यांनी सांगितलं, डोली करून खांद्यावर आणतो. त्यावर तर ती भडकलीच. “डोलीत आजारी मानूस बसतं. मी चुडा भराय चाललीय, दवाखान्यात न्हाई.”

मग ती गप्प झाली. हेच वाईट. बोलणारी बाई गप्प बसली की घर खायला उठतं. तिची नात जास्मिन मला स्टँडवर येऊन भेटली. जास्मिन कॉलेजात शिकते, आणि तिनंच त्या रविवारच्या चालणाऱ्या बायांचा गट सुरू केलेला. नियम एकच: जिथं एसटी जाते तिथंच जायचं, म्हणजे कोणाला घरी गाडी मागायला नको, कोणाच्या पाया पडायला नको. ती म्हणाली, “ताई, दादी जेवत नाय. म्हणते, शब्द मोडून जगायचं तर दुकानात बसून काय करू. मी तिला घेऊन जाते. तुम्ही येता?”

माझी सुट्टी सोमवारी. नौशादभाई सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात दुकान लावतो, पहाटेच टेम्पोनं निघतो. झालं, ठरलं. मला मनातनं पटत होतं असं नाय. म्हातारीचा गुडघा मधेच अडला तर मी काय डबल बेल मारून तिला खाली आणणार होते? पण जास्मिनचा चेहरा बघून नाय म्हणवलं नाय.

सकाळच्या गाडीला ड्रायव्हर दादाभाऊ होता. चाचीला पेटीसकट बघून त्यानं खाली उतरून दार धरलं. मोरीजवळ आम्ही उतरलो तर समोर दाट धुकं. दादाभाऊ म्हणाला, “आज राहू द्या, चाची.” चाची म्हणाली, “लग्न काय धुकं बगून ठरवलंय का? दुपारच्याला हितंच थांब मातूर.”

पहिला चढ बरा गेला. पेटी माझ्या डोक्यावर, चाचीच्या एका हातात काठी, दुसऱ्या हाताला जास्मिन. चाचीच पुढं. हे आंब्याचं झाड, हितनं उजवीकडं, ही घळ सोडायची. चढताना तिचा आवाज सुद्धा बदलला, दुकानातला तो मेलेला आवाज गेला. मला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

मग सडा लागला. सडा म्हणजे वरचं सपाट कातळाचं माळरान. तिथं गवत कमरेपर्यंत, पिवळं, दवानं ओलं, आणि धुक्यात सगळीकडं सारखंच. चाची थांबली. डावीकडं गेली, परत आली. उजवीकडं गेली, परत आली. काठीनं गवत बाजूला करून बघायला लागली. आणि मग म्हणाली, अगदी बारीक आवाजात, “पोरी, मला वाट कळंना.”

ही बाई डोळे झाकून ही वाट चालायची. धुक्यापेक्षा तिच्या तोंडावरची भीती बघून मला जास्त भीती वाटली. एका अंगाला कडा आहे हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं. जास्मिन म्हणाली, “दादी, परत जाऊ.” चाची म्हणाली, “जाऊ. माजंच चुकलं. नौशाद खरं बोलत व्हता, म्हातारी झाले मी.” आणि तिचे डोळे भरले. मला इतका राग आला! कोणावर ते सांगता येणार नाय. धुक्यावर, गवतावर, त्या बंद झालेल्या गाडीवर. मी ओरडले, “आधी बसा दोघी! धुकं उठल्यावर काय ते ठरवू. असं अंदाजानं पाय टाकायचा नाय हितं.”

जवळ एक मोठा दगड होता. आजीला बसायला जागा करावी म्हणून जास्मिननं त्याच्यावरचं गवत आणि वाळकी वेल ओढून काढली. तिचा हात थांबला. “दादी,” ती म्हणाली, “ही तुझी का गं?”

दगडाच्या वरच्या खळग्यात काच होती. ओंजळभर. मातीनं भरलेली. जास्मिननं ओढणीनं पुसली तसे आतले रंग वर आले. हिरवा, लाल, शेंदरी.

चाचीनं एक तुकडा उचलून डोळ्याजवळ धरला. बराच वेळ धरला. “ही तर ठकूच्या सुनंची. संस्कृतीच्या आईची. तिच्या चुड्यातली एक वाढली व्हती, ती ही. अगं, ह्यो माजा दुसरा इसावा!” आणि ती उभी राहिली. “म्हंजे फुडचा काटेसावरीखाली. सरळ जायाचं, वारं डाव्या गालावर घ्यायचं.”

काय सांगू, तो चेहरा परत आला. आम्ही सरळ निघालो. काटेसावर धुक्यात दिसली तेव्हा जास्मिन धावत पुढं गेली आणि दगडावरचं गवत उपटलं. काच. मग पुढचा दगड, तिथंही काच. प्रत्येक दगडाशी चाची सांगत होती, ही कुणाची, ती कुणाची. ही गेणूच्या बहिणीची, तिनं हात लई आवळून धरला म्हणून वाढली. ही डोहाळजेवणातली. वाडीतल्या अर्ध्या बाया त्या दगडांवर बसल्या होत्या म्हणा ना. आणि मी विचार करत होते, ही बाई एवढी वर्षं लोकांची पोरं कापू नयेत म्हणून काच उचलत राहिली, आणि आज तीच काच तिला हाताला धरून नेत होती.

खिंडीत पोचलो. खिंडीच्या तोंडाशी सगळ्यांत मोठा दगड, त्याच्यावर सगळ्यांत मोठा ढीग. आता पलीकडं फक्त उतार आणि खाली वाडी. चाचीनं एक पाऊल उताराला टाकलं आणि मटकन खाली बसली. गुडघा फुगून टम्म झालेला. चढ निभला, पण उतरताना भार गुडघ्यावर येतो ना. परत उठायचा प्रयत्न केला, जमलं नाय. पुन्हा केला.

इतकं जवळ येऊन! मला रडू यायला लागलं, खोटं कशाला सांगू.

चाचीनं पेटी जास्मिनपुढं सरकवली. “तू जा. तू भर चुडा.”

“मी?” जास्मिन पांढरी पडली. “मी नवरीचा कधी भरला नाय दादी. आणि शब्द तू दिलेला.”

“मंग शबूद घेऊन हितं बसू का? जा म्हनते ना!” चाची ओरडली, पण आवाज फाटला.

खिंडीत पलीकडच्या बाजूची रेंज येते. मी संस्कृतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती पोरगी काही विचारत बसली नाय. म्हणाली, “तिथंच थांबा,” आणि ठेवला फोन. जास्मिनला मी जाऊ दिलं नाय. आम्ही तिघी दगडाला टेकून बसलो. चाचीनं पेटी मांडीवर घेतली आणि कड्या उघड-बंद करत राहिली. मला दुपारच्या गाडीचीही काळजी. कंडक्टरच्या डोक्यातनं गाडी जात नाय, सुट्टी असली तरी.

आणि मग खालनं, धुक्यातनं, खणखणीत आवाज आला.

“कुटं मेली ती मणेरीन! डोलीत बसत न्हाई म्हने! महाराणीला नवरी हितं आनून द्या म्हने!”

चाची ताठ बसली. “मी न्हाई म्हनले तसं!”

“म्हनली न्हाईस, पन बसलीस ना वाट आडवून!”

ठकूबाई होती. हातात काठी, दोन्ही बाजूंनी दोन सुना, डोळ्याला मोतीबिंदू. वाडीतल्या बायांनी मला मागनं सांगितलं, म्हातारी खिंडीत शेवटची कधी आली होती ते तिलाच आठवत नाय. तिच्या मागं संस्कृती, तिची आई, मावश्या, शेजारणी, अख्खी वाडी वर आलेली. कोणाच्या हातात विळा, येताना गवत कापत आलेल्या. सगळ्यांत मागं रिकामी डोली घेतलेले चार गडी. हळद अजून लागली नव्हती, म्हणून नवरीला शीव ओलांडायला हरकत नव्हती. आणि असती तरी त्या पोरीनं ऐकलं असतं असं मला वाटत नाय.

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं. “वाळलीस,” ठकूबाई म्हणाली. “तू आंधळी झालीस, तुला काय दिसतंय!” चाची म्हणाली. आणि मग दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की आम्ही सगळ्याच रडलो. लग्नघर असून. कोणी कोणाला गप्प करत नव्हतं.

खिंडीतच घोंगडी अंथरली. संस्कृती समोर बसली. चाचीनं तिचा उजवा हात हातात घेतला, अंगठ्यानं दाबत दाबत मऊ केला, आणि हिरव्या बांगड्या एकामागनं एक भरत गेली. कसली घाई नाय. सगळ्या बाया वाकून बघत होत्या. उजवा हात भरून झाला तशी चाची मागं सरकली आणि जास्मिनला म्हणाली, “डावा तू भर.”

“दादी...”

“मी हितंच बसलेय. माज्या शबदात तूबी येतेस.”

जास्मिननं डावा हात घेतला. पहिली गेली, दुसरी गेली. मग एक अडली, आणि वाढली. खळ्‌कन आवाज झाला, आणि सगळ्या बाया एकदम श्वास घेऊन थांबल्या. लग्नाच्या चुड्यात बांगडी वाढणं, कोणालाच बरं वाटत नाय. एक मावशी पुटपुटली सुद्धा. जास्मिननं हात मागं घेतला. मी चाचीकडं बघितलं, तिचाही रंग उडालेला.

संस्कृतीनं खाली बघितलं. मांडीवरनं काचेचे तुकडे वेचले, एकही सोडला नाय. उठली, खिंडीतल्या मोठ्या दगडाकडं गेली आणि ढिगावर ठेवले.

“ही माझी,” ती म्हणाली. “आजी, डिंभ्याकडनं गेले तर घोडेगाव, मंचर, नारायणगाव करत मला सासरी पोचायला अख्खा दिवस. हितनं खाली एसटी. मी माहेराला येईन तर ह्याच वाटेनं येईन.” आणि परत येऊन जास्मिनपुढं हात धरला. “भर. हात मी सैल सोडते.”

ठकूबाई म्हणाली, “वाटंनं तिचं घेतलं. झालं, आता भरा लवकर, भूक लागलीय.” सगळ्या हसल्या, ती मावशी पण. राहिलेल्या बांगड्या जास्मिननं भरल्या, एकही वाढली नाय. ठकूबाईनं चाचीच्या ओटीत खण, नारळ आणि तांदूळ घातले. आणि खिंडीतच भाकरी-पिठल्याचं गाठोडं सोडून खाल्लं. लोणचं खारट होतं. चाचीनं ते बोलून दाखवलं.

परत येताना चाची डोलीत बसली. हो, बसली. ठकूबाईनं डोळे वटारले आणि ती निमूट बसली. वाडीतल्या बाया विळे घेऊन आमच्या पुढं चालल्या, मोरीपर्यंत. गवत कापलं गेलं, पाय पडले. धुकं उठलं होतं आणि सड्यावरनं सगळी वाट दिसत होती. दगडादगडावरची काच उन्हात चमकत होती. मोरीजवळ दादाभाऊ गाडी घेऊन थांबलेला. संध्याकाळी नौशादभाईला सगळं कळलं. आधी तो आमच्या तिघींवर चिडला, मग आईच्या गुडघ्याला तेल लावायला बसला आणि म्हणाला, “अम्मी, मला का नाय सांगितलं? मी आलो असतो ना.” चाची म्हणाली, “तुला बाजार व्हता.”

त्यानंतर जास्मिननं तिच्या बायांना त्या वाटेनं न्यायला सुरुवात केली. दर पावसाळ्यानंतर त्यांनी आणि वाडीच्या बायांनी मिळून गवत कापायचं असं ठरलंय. नवीन येणारीला जास्मिन एकच गोष्ट बजावून सांगते: दगडावरची काच उचलायची नाय. चाची अजून दुकानात बसते, पण आता बोलते. रविवारी सकाळी स्टँडवर येते, माझ्या गाडीतल्या पाठपिशव्यावाल्या बायांना खिडकीतनं सांगते, काटेसावरीपाशी बसा, घाई करू नका, वारं डाव्या गालावर घ्या.

परवा नागपंचमीला संस्कृती गाडीत चढली. माहेरी निघाली होती, लग्नानंतर पहिल्यांदा एकटी. म्हणाली, “ताई, माळेवाडीची वाट.” आमच्या मशीनमध्ये त्या नावाचा स्टॉप नाय. मी पिंपळखोऱ्याचं तिकीट दिलं आणि मोरीजवळ बेल मारली. पावसाची रिपरिप होती. उतरून तिनं छत्री उघडली, पिशवी चाचपली आणि आतनं एक रुमालाची गाठ काढून मला दाखवली. गाठीत काच होती, हिरवी.

“सासरी लग्नापासनं वाढलेल्या,” ती म्हणाली. “एक पण टाकली नाय. वर नेऊन ठेवते.”

आणि ती चढाला लागली. दादाभाऊनं आरशातनं माझ्याकडं बघितलं, अजून डबल बेल का येत नाय म्हणून. मी म्हटलं, थांब जरा, तिला वळणापर्यंत जाऊ दे.